दर दगडाला एक घंटी

कामिनीने सायकल लिंबाच्या खोडाला टेकवली आणि ललित बाकावरून उठला.

सहा वर्षं हे असंच चाललं होतं. तो पुढे, ती मागे. तो टपरीवर आधी पोचायचा, दोन चहा सांगायचा, एक आल्याचा आणि साखर कमी, बायकोसाठी. मग पाय लांब करून निवांत बसायचा. ती धापा टाकत पोचेपर्यंत त्याची विश्रांती पुरी झालेली असायची. ती टेकणार, तेवढ्यात हा उठणार. त्याच्या मनात पाप नव्हतं. आपला थकवा गेला म्हणजे सगळ्या जगाचाच गेला, असं त्या माणसाला अगदी मनापासून वाटायचं.

"चल, ऊन चढायच्या आत अक्कलकुवा मागे टाकू," हेल्मेटचा पट्टा लावत तो म्हणाला. "आज मात्र मानलं हं तुला. खापर सोडल्यापासून एकही दगड चुकवला नाहीस."

"कसला दगड?"

"घंटी गं! दर दगडाला बरोबर एक. कालपेक्षा आज खणखणीत वाजतेय. तेल घातलंस का काय?"

कामिनीने हँडलकडे बघितलं. उजव्या मुठीजवळ तिने रुमाल गुंडाळला होता. रुमालाखाली नुसता गंजका पट्टा होता. घंटी काल दुपारीच सागबाऱ्याच्या उतारावर खड्ड्यात आपटून उडाली होती, गडगडत दरीत गेली होती. वरची पितळी वाटी सुटून उन्हात एकदा चमकलेली तिने स्वतः बघितली होती.

ती काही बोलणार, तोवर ललितने पायडल मारलं होतं. शर्टाच्या पाठीवर घामाचा मोठा नकाशा घेऊन तो रस्त्याला लागलासुद्धा.

ती बाकावर बसली. टपरीवाल्या मंगलाबाईने फडकं मारत दोन ग्लास उचलले. दोन्ही रिकामे.

"मला एक चहा द्या ना, ताई. आल्याचा."

मंगलाबाईने तिच्याकडे नीट बघितलं. "आजून एक?" ती म्हणाली, आणि पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं.

असेल, यानेच दोन प्यायले असतील, असं कामिनीने स्वतःला समजावलं. चहा अर्धाच पिऊन तिने ग्लास ठेवला.

दर दगडाला एक घंटी, हा नियम तिचाच होता. सहा वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या पुलाआधी ललितने ती येतेय का हे बघायला मागे मान वळवली, सायकल उजवीकडे गेली, आणि समोरून उसाची ट्रॉली. गळ्याजवळचं हाड मोडलं यावरच निभावलं. दवाखान्यात तिने त्याचा हात धरून शपथ घातली होती, काजलची. मुलीची शपथ. सायकलवर असताना मागे वळून बघायचं नाही, कधीच नाही. मी आहे हे तुम्हाला घंटीने कळेल. किलोमीटरच्या प्रत्येक दगडाला मी एकदा वाजवीन. दोनदा वाजवली तर थांबायचं. टपरीवर एकदा वाजवली तर निघायचं. ललित साखर कारखान्यात केमिस्ट, मोजमापाचा माणूस. त्याला हा नियम फार आवडला. त्या दिवसापासून त्याने खरोखर एकदाही मागे बघितलं नाही.

घंटीही साधी नव्हती. म्हसावदहून शहाद्याच्या शाळेत जायला वडिलांनी सायकल घेऊन दिली, तिची ती घंटी. जुनं पितळ, काठाला चीर गेलेली. तिचा आवाज ट्रिंग असा यायचा नाही, टर्रण् असा यायचा, जरा खोकल्यासारखा. हजार घंट्यांत ती ओळखू यायची. सायकली बदलल्या, नव्या गिअरवाल्या आल्या, घंटी मात्र तीच राहिली.

आणि काल ती गेली. सांगायला काय लागत होतं? खापरला भावकीतल्या घरी मुक्काम केला, जेवताना दोघं समोरासमोर बसले, तरी ती बोलली नाही. तिने रुमाल बांधला आणि मनाशी एक गोष्ट ठरवली.

आजचा शेवटचा दिवस. कच्छचं रण बघून शहाद्याला घरी परतताना हा बाविसावा. जाताना मजा आली होती, खोटं कशाला बोला. रणात चांदण्यात दोघं मिठावर आडवे पडले होते, भचाऊजवळ अवकाळी पाऊस आला तेव्हा एकाच प्लॅस्टिकखाली बसून त्यांनी शेव खाल्ली होती, आणि रात्री धर्मशाळेत ललितने तिच्या गुडघ्याला तेल चोळून दिलं होतं. पण परतीला भरूच सोडल्यापासून गुडघा धरला होता. गेल्या श्रावणात तिची पिशवी काढली, त्यानंतरची ही पहिलीच लांबची फेरी. ती म्हणायची, "अहो, मला झेपत नाहीये." तो म्हणायचा, "उद्या हलकं होईल बघ." आणि उद्या पुन्हा त्याची पाठ, दूर, लहान होत जाणारी.

तर तिने ठरवलं ते असं. उद्या घंटी वाजणार नाही. एक दगड, दोन दगड, फार तर पाच. मग याने वळून बघावं. शपथ मोडून बघावं. तळोद्यापर्यंत बघितलं नाही, तर तिथे सायकल एसटीच्या टपावर टाकायची, नंदुरबार गाठायचं, रेल्वेत बसायचं आणि सुरतला काजलकडे जायचं. परत कधी यायचं ते नंतर बघू. नाही यायचं, तर तसंही बघू. काजलला रात्री मेसेजही केला होता: कदाचित येईन, कोणाला बोलू नको.

सांगून वळला तर तो काय वळला?

आणि हा बाबा म्हणतो, आज घंटी खणखणीत वाजतेय!

अक्कलकुवा मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटला होता, खाली पाचोळा, आणि उत्तरेला सातपुडा उन्हाने फिका पडलेला. होळी होऊन आठ दिवस झाले होते. रस्ता रिकामा होता. मध्येच एखादी जीप माणसं लोंबकळत घेऊन जायची आणि मग पुन्हा तिच्या चेनचा आवाज तेवढा उरायचा.

दगड आला. तळोदे १४. ती त्याच्या शेजारून गेली आणि मुद्दाम कान देऊन ऐकत राहिली.

बराच वेळ काही नाही. मग पुढे, दूर, वळणाच्या पलीकडून:

टर्रण्.

कामिनीने ब्रेक दाबले. एक पाय जमिनीवर टेकवला. कुठला तरी पक्षी असेल. गुराच्या गळ्यातली घंटा असेल. इकडे गुरं काय कमी आहेत?

तळोदे १३. पुन्हा तेच. ललित पुढे गेला होता, आणि त्याच्यामागून कोणी तरी घंटी वाजवली. आवाज थोडा खोकला आणि थांबला. तिचा हात आपोआप रुमालाकडे गेला. रुमालाखाली पट्टाच होता.

तेराव्या आणि बाराव्या दगडाच्या मध्ये मोहाच्या झाडाखाली दिवलीबाईची टपरी होती. चार बांबू, वर पळसाची पानं, एक माठ. ही टपरी दोघांच्या ओळखीची. ललित इथे थांबल्याशिवाय कधी पुढे गेला नव्हता. आज बाक रिकामा होता.

"गयात?" कामिनीने विचारलं.

दिवलीबाई घरात भिली बोलायची, रस्त्यावरच्या माणसांशी अहिराणी. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि कामिनीकडे वर बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं, पुढच्या बाजूला. मग परत कामिनीकडे.

"दादा गयात ना. चहा पिईसन गयात. बाई बी गयी."

"कोन बाई?"

"त्यासनासंगे व्हती ती. तुमनी धाकली बहीण शे का? तोंड तं आख्खं तुमनंच."

कामिनी बाकावर बसली. पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते भलतंच. राजपिपळ्याला सुरतच्या सायकल ग्रुपमधली एक बाई भेटली होती, गुलाबी हेल्मेटवाली, ललितशी गिअरवर अर्धा तास बोलत उभी राहिली होती. अगंबाई! बावीस दिवस मी मागे धापा टाकतेय आणि इकडे हे? क्षणभर तिला राग आला आणि त्या रागाने जरा बरंही वाटलं. रागाला निदान तोंड असतं.

"गुलाबी टोपी होती का डोक्यावर?"

"नही वं. ओढनी बांधेल व्हती. पिवयी." दिवलीबाईने कामिनीच्या खांद्याकडे बोट केलं. "हाईच."

कामिनीच्या गळ्यात पिवळी ओढणी होती. भूजला स्टोव्हवर खिचडी करताना तिच्या टोकाला जळून भोक पडलं होतं. तिने ते टोक मुठीत धरलं.

"हिच्या टोकाला..."

"जयेल व्हतं," दिवलीबाई म्हणाली. "म्हनीसन तं मी सांगं, तुमनीच शे." तिने माठातून पाणी काढून दिलं. तिचा हात तांब्याला धरून जरा जास्त वेळ थांबला. "पन तुम्ही तं थकी गयात. ती थकेल नव्हती. तरनी व्हती. हासत व्हती."

"आणि दादा? ते काय बोलत होते तिच्याशी?"

"काईच नही. त्यासनी तिनाकडे दखंच नही. दोन चहा सांगात, एक बाजूले सरकाई दिधा, आनि बाटल्या भराले पंपवर गयात. परतनात तं गिलास रिकामा. तिनी घंटी वाजाडी, दादा उठनात, गयात."

मोहाचं एक फूल टप्पकन टपरीच्या पानांवर पडलं. कामिनी दचकली. दिवलीबाई मात्र हसली नाही. ती पदराआड काही तरी पुटपुटली आणि चुलीतला एक निखारा चिमट्याने उचलून तिने वाटेवर, पुढच्या बाजूला टाकला.

"ताई, जरासं बठा," ती म्हणाली. "तिले पुढे जाऊ द्या."

पण कामिनीला बसवेना. ती निघाली. पुढचे बारा दगड कसे गेले, ते तिला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. प्रत्येक दगडाला ती थांबायची नाही असं ठरवायची, आणि प्रत्येक दगडाला घंटी वाजायची, पुढे. तिच्या वडिलांनी घेतलेली, तिच्या अंगठ्याने सतराशे साठ वेळा दाबलेली घंटी. भीती वाटत होती, हो, वाटत होती. पण भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती जास्त दुखत होती. ललितला काही कमी पडत नव्हतं. त्याच्या मागे बायको होती. वेळेवर घंटी वाजवणारी, गुडघा न दुखणारी, चहा संपवून हसत निघणारी. त्याला हवी तशी. मग मागे राहिलेली ही कोण?

तळोद्याच्या स्टँडवर ती साडेबाराला पोचली. ललित तिथे नव्हता. शहाद्याच्या रस्त्याला लागला असणार. नंदुरबारची गाडी फलाटाला उभी होती. खाकी शर्टाचा कंडक्टर दारात उभा राहून सुपारी कातरत होता.

"सायकल टपावर टाकता येईल का हो?"

"टाका ना ताई. दहा मिनिटांत निघतोय. एकट्याच का?"

तिने शहाद्याच्या रस्त्याकडे एकदा बघितलं. "हो," ती म्हणाली. "एकटीच."

त्याने सायकल धरली. तिने मागच्या पिशव्या सोडायला घेतल्या. एक पिशवी सोडली, मग थांबली. काहीही झालं तरी कळवायला हवं. एकोणतीस वर्षांचा संसार, असा न सांगता टपावर टाकून कसा चालेल? तिने फोन लावला.

बराच वेळ वाजला. मग वारा, चेनचा आवाज, आणि ललित, ओरडून, "काय गं? एवढ्या जवळून फोन कशाला करतेस?"

"अहो, मी तळोद्याला आहे."

"काय? ऐकू येत नाही. वारा आहे."

"मी तळोद्याला आहे. स्टँडवर. मी पुढे येत नाहीये."

"काय डोकं-बिकं फिरलं का उन्हाने? तळोदं मागे पडून अर्धा तास झाला." तो हसला. "तू माझ्या मागेच आहेस की. दगड आला बघ, वाजव."

आणि फोनमधून, त्याच्या हसण्याच्या मागून, अगदी स्पष्ट आवाज आला.

टर्रण्.

कामिनीने फोन कानाला घट्ट दाबला. शेजारी कंडक्टर सुपारी चघळत होता, कुल्फीवाला ओरडत होता, कोणाचं तरी पोर रडत होतं. भर दुपार, भर स्टँड, आणि तिला वाटलं आता आपले पाय जमिनीवर नाहीत. वाटलं, फोन ठेवून द्यावा. गाडीत बसावं. जाऊ दे तिला त्याच्याबरोबर घरी. चुलीला, ओट्याला, त्याच्या "उद्या हलकं होईल"ला. आपण सुटलो.

तिने फोन ठेवला नाही.

"अहो, ऐका. मागे वळून बघा."

"वेडी आहेस का? शपथ आहे काजलची."

"मीच घातली होती ना? मीच सोडवते. सुटली. बघा मागे."

तिकडून नुसता वारा. मग ब्रेकची किंच. मग काही नाही. उसाची ट्रॉली गाणी लावून जवळून गेली असावी, आवाज मोठा झाला आणि विरला. कामिनीने दुसरा कान हाताने झाकला. तिला माणसाच्या श्वासाचा आवाज येत होता. तो एकाचाच होता की दोघांचा, ते कळत नव्हतं.

"कामिनी?"

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ऑपरेशननंतर तिला बाहेर आणलं, ती अजून पुरती शुद्धीवर आली नव्हती, तेव्हा त्याने कॉटजवळ वाकून अशीच हाक मारली होती. एवढा मोठा माणूस आणि आवाज पोरासारखा.

"इथेच आहे मी," ती म्हणाली. "तळोद्याला."

"तू हलू नको. तिथून हलू नको हं. मी येतोय."

"उलट वारा आहे. ऊन किती आहे..."

फोन कट झाला होता.

कंडक्टरने घड्याळ बघितलं. "ताई, येताय ना?"

"नाही हो दादा. माझा माणूस परत येतोय."

"परत?" तो म्हणाला, आणि सायकल तिच्या हातात देऊन त्याने बेल मारली. गाडी निघून गेली.

ती शहाद्याच्या रस्त्याच्या तोंडाशी, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभी राहिली. पाऊण तास झाला असेल. मग तापलेल्या रस्त्यावर एक ठिपका हलला. ठिपक्याची सायकल झाली, सायकलवर माणूस झाला. आणि कामिनीच्या लक्षात आलं, की सहा वर्षांत ललितला सायकलवरून आपल्याकडे येताना तिने एकदाही बघितलं नव्हतं. तिने बघितली होती ती पाठ. पाठ ताठ होती, तरुण होती. हा माणूस तोंड उघडं टाकून येत होता, ओठ पांढरे पडलेले, एक गुडघा बाहेर फाकवत, तिच्यासारखाच. याचाही गुडघा दुखतो? कधीपासून?

पाठीला बघून तिने त्याच्यावर किती राग धरला होता. तिला एकदम रडू आलं.

तो उतरला, सायकल तशीच आडवी टाकली आणि तिच्यासमोर उभा राहिला. हात लावावा की नाही असं त्याला झालं असावं. मग त्याने तिच्या ओढणीचं जळकं टोक चिमटीत धरलं, बोटांनी चाचपलं, आणि सोडलं नाही.

"घंटी?" त्याने विचारलं.

तिने रुमाल सोडून दाखवला.

"कधीपासून?"

"काल. सागबाऱ्यापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"सांगून वळला असतात, तर काय वळला असतात?"

तिने पाण्याची बाटली दिली, त्याने अर्धी डोक्यावर ओतली.

"मागे काय दिसलं?" तिने विचारलं.

"रस्ता."

"अजून?"

"काही नाही. रस्ताच." मग खाली बघत तो म्हणाला, "धूळ उडालेली होती. सायकल नुकतीच थांबली की उडते ना, तेवढी. टेकलेल्या पायाजवळ."

शहाद्याच्या रस्त्याला ते शेजारी शेजारी लागले. असं चालवायचं नसतं, रस्ता अरुंद, आणि कारखान्याचा हंगाम संपत आलेला, ट्रॉल्यांची घाई. मागचे शिव्या घालत होते, हॉर्न मारत होते. ललितने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहिला दगड आला तेव्हा त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. दुसऱ्याला पुन्हा. घंटी कुठेच वाजली नाही. केळीच्या बागा गेल्या, कापूस उपटून टाकलेली काळी रानं गेली. तिचा वेग तो त्याचा वेग. चढाला ती उतरली तर तोही उतरला. चार वाजत आले आणि उसाच्या शेंड्यांवरून पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याची चिमणी दिसायला लागली.

"पोचलो," ललित म्हणाला. त्याच्या बोलण्यात सुटकेचा एवढा मोठा उसासा होता की कामिनीला हसू आलं.

प्रत्येक फेरीचा शेवटचा चहा भिलाच्या टपरीवर व्हायचा. भिला जुना ओळखीचा, एका डोळ्याने जरा अधू, पण तोंडाने पक्का. आज मात्र त्याने नेहमीची टिंगल केली नाही. दोघं एकदम येऊन एकाच बाकावर बसलेली त्याने पहिल्यांदाच बघितली, म्हणूनही असेल. त्याने चहा गाळला आणि ग्लास त्यांच्यासमोर मांडले. एक, दोन, तीन.

ललितचा हात ग्लासाकडे जाता जाता थांबला.

"भिला, तीन कसाले?"

"का? बाई शे ना मांगे तुमनासंगे," भिला म्हणाला आणि त्यांच्या मागच्या वळणाकडे हनुवटी केली. तिथे उसाच्या भिंतीत रस्ता आत शिरून दिसेनासा होत होता. "मी आत्ते पानी आनाले गयथू, तवय दखी. पिवयी ओढनी. एकलीच. यी ऱ्हायनी हळू हळू."

दोघांनी वळणाकडे बघितलं. वारा पडला होता, उसाचं पातंही हलत नव्हतं.

"भलती थकेल दिखस बिचारी," भिला म्हणाला. "पायडल बी मारता यी नही ऱ्हायनं. तुम्ही दोनी मस्त पुढे निंघी उनात, आनि तिले सोडी दिधं का?"

ललितने चहा दोन घोटांत संपवला, तोंड भाजलं तरी. त्याने हेल्मेट उचललं आणि उठून उभा राहिला. "चल," तो हळूच म्हणाला. "चल कामिनी, ऊठ. चारच किलोमीटर राहिलेत."

कामिनी तिसऱ्या ग्लासाकडे बघत होती. वाफ कमी होत चालली होती. गार झालेला चहा कसा लागतो, आपण टेकायला आणि समोरच्याने उठायला एकच वेळ कशी येते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिने बशी उचलली आणि ग्लासावर झाकली.

"बसा," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"बसा म्हणते ना. दमून येतेय ती. तिला टेकू दे, तिचा चहा होऊ दे. मग निघू."

वळणापलीकडे, उसाच्या आत कुठे तरी, घंटी वाजली. खोकल्यासारखी, एकदा, आणि मग बऱ्याच वेळाने कशीबशी दुसऱ्यांदा.

दोनदा म्हणजे थांबा.

ललितने हेल्मेट बाकावर ठेवलं आणि रस्त्याच्या मागच्या बाजूला तोंड करून तो तिच्याशेजारी बसला.